होळी कुणाची, जागेची की माणसांची?



मागच्या व्याख्यानात मीमांसकांबद्दल बोलताना आम्ही ओघात म्हणून गेलो, की आपल्या होळीवर जैमिनीच्या सूत्रांत एक अख्खं अधिकरण आहे. विषय तिथेच राहिला. चार दिवसांनी एका श्रोत्यांचा निरोप आला. ते मूळचे याच कोयना खोऱ्यातले. धरणात गाव गेलं तेव्हा त्यांचे आजोबा सोलापूर जिल्ह्यात वस्तीला गेले. काही भाऊबंद मात्र पाण्याच्या वर, डोंगराला सरकून इथेच राहिले. त्यांनी विचारलं होतं, "सर, आमच्या गावाच्या आता दोन होळ्या पेटतात. वरचे म्हणतात खरी होळी आमची, आम्ही म्हणतो आमची. तुमचा जैमिनी यावर काय सांगतो?"

प्रश्न अर्धा थट्टेत विचारलेला आहे हे कळत होतं. उरलेला अर्धा थट्टेचा नव्हता. आज आपण कोयनानगरलाच जमलो आहोत, तेव्हा ठरलेला विषय बाजूला ठेवून याच प्रश्नावर बोलू.

आधी इथली होळी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ऑनलाइन ऐकणारे पुष्कळ जण शहरातले आहेत आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सोसायटीच्या फाटकाजवळचा छोटा ढीग आणि दुसऱ्या दिवशीचे रंग येणार. पाटण तालुक्यात, वर जावळीत, घाट उतरून चिपळूणकडे या सणाचं नाव शिमगा. फाल्गुनी पौर्णिमा. गावाबाहेर किंवा देवळासमोर ठरलेली जागा असते, तिला कुणी होळीचा माळ म्हणतं, कुणी नुसतं 'होळीपाशी' म्हणतं. मधे एरंड किंवा एखादं झाड उभं करायचं, भोवती लाकडं, शेणी, पालापाचोळा रचायचा. अंधार पडला की पुरणपोळीचा नैवेद्य, नारळ, प्रदक्षिणा, आणि मग बोंब. पोरांच्या हातात टिमक्या. दुसऱ्या दिवशी धुळवड. त्या दिवशी होळीच्या निखाऱ्यावर तापवलेलं पाणी घरी आणून पोरांना आंघोळ घालायची, म्हणजे उन्हाळा बाधत नाही असं आमची आजी म्हणायची. थंडी होळीत जळून जाते असंही म्हणायची. कोयनेची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना यातला दिलासा कळेल.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा, पुढे लागतील. पहिली, लाकूड चोरायची मुभा. एरवी कुणाच्या परड्यातली काटकी उचलली तर भांडण. शिमग्याच्या आदल्या आठ दिवसांत पोरं शेणी पळवणार, मोडकी बाज पळवणार, आणि मालक शिव्या देणार पण पाटलाकडे जाणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मान. पहिलं लाकूड कुणाचं, नैवेद्य आधी कुणाचा, अग्नी कुणाच्या हातचा, हे घराण्यांनी ठरलेलं असतं. बाहेरच्या माणसाला वाटतं की गाव एकत्र येऊन जाळ करतं. एकत्र येतं हे खरं, पण रांगेनं येतं, आणि त्या रांगेवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडतंही.

या प्रदेशाला आगीचं नवल नाही हेही सांगतो. इथली भात-नाचणीची शेतीच आगीवर उभी. उन्हाळ्यात तरव्याच्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून राब भाजायचा, मग पावसाच्या तोंडावर तिथे रोपं करायची. शिमगा येतो तो सुगी संपल्यावर आणि ही भाजणी भर घेण्याच्या वेळी. तेव्हा पुराणातल्या कथा नंतर सांगितल्या तरी चालतील. होलिका-प्रल्हादाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. भविष्योत्तर पुराणातली ढुंढा राक्षशिणीची कथा आमच्या जास्त आवडीची: तिला वराचं बळ मिळालेलं, देव-दानवांचं भय नाही, भय फक्त पोराटोरांचं, म्हणून पोरांनी जाळ करावा, आरडाओरडा करावा, तोंडाला येईल ते बोलावं. बोंबेला शास्त्राधार मिळाला तो असा! पण एका आगीला तीन-तीन, चार-चार कथा असतात तेव्हा ओळखावं, की आग आधीची आणि कथा मागाहून आलेल्या.

यावर विटगेन्स्टाइननं एक मार्मिक गोष्ट लिहून ठेवली आहे. जेम्स फ्रेझर यांचा 'द गोल्डन बाव' हा ग्रंथ आपल्यापैकी काहींना माहीत असेल. त्यात युरोपातल्या अग्नी-उत्सवांवर मोठा भाग आहे. स्कॉटलंडमधल्या बेल्टेनच्या जाळाभोवती भाकरीचे तुकडे वाटायचे, काळा तुकडा ज्याच्या वाट्याला येईल त्याला आगीत लोटण्याचं सोंग करायचं, अशी एक रीत त्यांनी नोंदवली आणि हा पूर्वीच्या नरबळीचा अवशेष असावा असा अर्थ लावला. विटगेन्स्टाइनचं म्हणणं थोडक्यात असं, की उगम शोधून अर्थ हाती लागत नाही. तो इतिहास उद्या खोटा ठरला तरी त्या खेळात काहीतरी गंभीर चाललं आहे हे बघणाऱ्याला जाणवतंच. ते माणसांच्या वागण्यात, त्यांच्या चेहऱ्यांवर दिसतं. हे टिपण १९३१ पासूनचं, त्याच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये छापलं गेलं. १९६७ हे साल कोयनेत वेगळ्या कारणानं लक्षात आहे, त्याकडे येतोच.

त्याआधी जरा दूर जाऊ. इटलीच्या टाचेकडे, पुलिया प्रांतात, लेच्चे शहराजवळ नोव्होली नावाचं छोटं गाव आहे. तिथे १६ जानेवारीच्या संध्याकाळी, संत अँतोनिओ यांच्या सणाच्या आदल्या दिवशी, होळी पेटते. तिला ते 'फोकारा' म्हणतात. उंची साधारण पंचवीस मीटर, म्हणजे सात-आठ मजली इमारत समजा. आणि ती कशाची? द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्यांच्या हजारो मोळ्यांची. हिवाळ्यात बागांची छाटणी होते, काड्या निघतात, त्या बांधून गावात आणायच्या, रचणारे जाणते कारागीर कित्येक दिवस शिड्यांवर उभे राहून मोळ्या हातोहात वर चढवतात. आपल्या तासगावकडच्या बागायतदाराला दाखवलं तर तो प्रथम विचारेल, छाटणी एप्रिलची का ऑक्टोबरची! मुद्दा असा की नोव्होलीची आग नोव्होलीच्या जमिनीतून निघते. त्या मातीत वेली आहेत म्हणून काड्या, काड्या आहेत म्हणून फोकारा. उद्या ते गाव उचलून द्राक्षं न पिकणाऱ्या मुलखात नेऊन बसवलं तर फोकारा राहील का? तिथे कुणावर तो प्रसंग आलेला नाही. आपल्याकडे आला.

आता जैमिनी. पूर्वमीमांसेच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात होलाकाधिकरण आहे. प्रश्न काय होता ते नीट समजून घ्या. मीमांसकांच्या मते धर्माचं प्रमाण वेद. मग शिष्ट माणसं ज्या चालीरीती पाळतात पण ज्यांना प्रत्यक्ष वेदवाक्य सापडत नाही, त्यांचं काय? ते म्हणतात, मागे कधीतरी आधारभूत वाक्य असलं पाहिजे असं अनुमान करावं. ठीक. पण 'होलाका' नावाचा उत्सव पूर्वेकडचे लोक करतात, दुसरी एक रीत दाक्षिणात्य पाळतात, तिसरी उत्तरेकडचे. तर अनुमान कोणतं करायचं? 'पूर्वेकडच्यांनी होलाका करावी' असं, की नुसतं 'होलाका करावी' असं?

आमच्या श्रोत्यांचा प्रश्न हाच आहे, फक्त दोन हजार वर्षांनी जुना. आग एका मुलखाची की कुणाचीही? पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या अधिकरणाकडे लक्ष वेधलं आहे. होळी किती जुनी याचा तो एक पुरावाच म्हणायचा.

पूर्वपक्ष म्हणतो, ज्यांच्यात चाल दिसते त्यांच्यापुरताच नियम मानावा. सिद्धान्त म्हणतो, नाही. विधी मुलखाला उद्देशून नसतो, करणाऱ्याला उद्देशून असतो. शिवाय 'पूर्वेकडचा' ठरवायचा कसा? तशी कायमची खूण माणसाच्या अंगावर नसते. पूर्वेचा माणूस दक्षिणेत जाऊन राहिला तरी आपली रीत करत राहतो, आणि दुसरीकडचा कुणी पूर्वेत येऊन राहिला तर ती करेलच असं नाही. मग पूर्वपक्षी आणखी एक अडचण काढतो: माणसाला नाव जर मुलखावरून पडतं, तर मुलूख सोडल्यावर ते नाव राहू नये. त्यावरचं उत्तर फार सुंदर आहे. नाव संबंधावरून पडतं, जसा 'माथुर'. मथुरेत राहणारा तो माथुर, मथुरा सोडून आलेला तोही माथुर, आणि मथुरेच्या वाटेला लागलेला तोही माथुरच.

आता या जागी 'कोयनेचा' हा शब्द घालून बघा.

कोयना धरणाचं काम १९५४ च्या सुमाराला सुरू झालं, साठीच्या सुरुवातीच्या वर्षांत पाणी अडवायला लागले. भिंत एकशे तीन मीटर उंच. मागचा शिवसागर जलाशय तापोळ्या-बामणोलीपर्यंत पसरला आणि शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ लागली. पाणी पश्चिमेला पोफळीच्या वीजघराकडे वळवलं. उरलेली नदी पूर्वेला कराडला कृष्णेला मिळते आणि सांगलीकडे जाते. माणसंही अशीच दोन्हीकडे पांगली. कुणी सांगली, सोलापूर जिल्ह्यांत, कुणी घाट उतरून रत्नागिरी, तेव्हाचा कुलाबा, ठाणे जिल्ह्यांत, आणि कुणी वर डोंगराला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६ चा. इथले लोक त्याच्या कितीतरी आधी उठले होते. आजही ठाणे-रायगडातल्या त्या वस्त्यांवर गेलात तर म्हातारी माणसं सांगतात, 'आम्ही कोयनेचे'. शेजारची गावंही त्यांना तसंच ओळखतात. जैमिनीचा माथुर तो हा.

तेव्हा श्रोत्यांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर सरळ आहे: होळी करणाऱ्याबरोबर जाते. सोलापूरची होळी खोटी नाही. वरच्यांनी तसं म्हणू नये.

पण इथे थांबलो तर आम्ही मीमांसेचे वकील ठरू. त्या अधिकरणाच्या शेवटी आणखी एक शंका आहे, आणि आमच्या मते तिला दिलेलं उत्तर घाईचं आहे. शंका अशी. ठीक, मुलूख हे करणाऱ्याचं लक्षण नसेल. पण तो कर्माचा भाग का नसावा? वैश्वदेव यागाला पूर्वेकडे उतरती जमीन लागते असं सांगितलेलं आहेच. तिथे जमीन कर्माचं अंग आहे. तशी होलाकेला विशिष्ट भूमी लागत असेल तर? सिद्धान्ती एका वाक्यात हे उडवून लावतो: करणाऱ्याच्या बाबतीत जी अडचण, तीच इथेही.

शास्त्र म्हणून हे बरोबर असेल. पण आम्ही या खोऱ्यात वाढलो आहोत, आणि जमीन इतक्या स्वस्तात निकालात निघत नाही हे आम्हाला एका होळीनं शिकवलं.

११ डिसेंबर १९६७. पहाटे साडेचारच्या सुमाराला भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर आणि भोवतीच्या गावांत घरं बसली. आम्ही तेव्हा अकरावीला, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकला होतो. आमच्या घराची मागची भिंत पडली, माणसं वाचली. भूकंपाचं शास्त्र आज सांगत बसत नाही, ते पुष्कळांनी सांगितलं आहे. सांगायचं ते पुढच्या रात्रींचं. घरात शिरायची कुणाची छाती नव्हती, धक्के चालूच होते. डिसेंबरची थंडी. सगळं गाव उघड्यावर, शेकोट्यांभोवती. ज्या घराशी आमच्या घरचं बोलणं नव्हतं त्या घरच्या शेकोटीपाशी आम्ही झोपलेलो आठवतो. जाळायला लाकूड हवं आणि लाकूड तर सगळीकडे पडलेलं, पडक्या घरांचे वासे, आढी, दारांच्या चौकटी. त्यातलं बरंचसं त्या रात्रींत जळलं. त्याबद्दल कुणी कुणाला काही बोललं नाही.

तीन महिन्यांनी, १९६८ च्या मार्चमध्ये शिमगा आला. होळी करायची की नाही यावर देवळापुढे बैठक झाली. ज्यांच्या घरात माणूस गेला होता त्यांचा सण नव्हताच. काही म्हणाले, या वर्षी कुणाचाच नको. शेवटी ठरलं की होळी पेटवायची, लहान. मग आमच्यासारख्या पोरांनी सवयीप्रमाणे लाकूड गोळा करायला सुरुवात केली, आणि एका मोडक्या घराचा वासा ओढत माळावर आणला. वासा बेवारशी पडलेला, चोरायचीसुद्धा गरज नव्हती. आमचे थोरले चुलते तिथे बसले होते. त्यांनी विचारलं, "हे कुठलं?" आम्ही सांगितलं. ते म्हणाले, "जिथनं उचललंस तिथं नेऊन ठेव. पडलेल्या घराचं लाकूड होळीत जात नाही."

डिसेंबरात तेच लाकूड त्यांच्याच डोळ्यांदेखत शेकोटीत गेलं होतं. आम्ही तसं बोलूनही दाखवलं, वयच ते. त्यावर त्यांनी उत्तर दिलं नाही. नुसता हात केला, जा म्हणून.

त्या साली होळी शेणींची आणि एरंडाची झाली, कमरेएवढी. बोंब कुणी ठोकली नाही, अग्नी मात्र मानाच्या हातानंच लागला.

आम्ही पुढे चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं आणि पुष्कळदा वर्गात या वाशाकडे परत आलो. शेकोटी आणि होळी यांत लाकूड तेच, आग तीच, थंडीही जवळजवळ तीच. फरक इतकाच की शेकोटीत काय घालावं हे गरज ठरवते आणि होळीत काय घालावं हे गाव ठरवतं. कुठलं लाकूड चालतं, कुठलं नाही, कुठलं चोरून आणलेलंच चालतं, ते कोण रचणार, कुठे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. चुलत्यांनीही तो त्याच क्षणी केला असावा असा आमचा संशय आहे. पण बैठकीतल्या प्रत्येकाला तो लगेच पटला. विटगेन्स्टाइन ज्याला वागण्यातलं गांभीर्य समजतो ते आम्हाला तिथे दिसलं. त्यासाठी ना होलिका लागली, ना ढुंढा.

या दृष्टीनं जमिनीकडे बघा. होळीचा माळ म्हणजे अशा असंख्य निर्णयांची जागा. इथे आजोबांनी भांडण मिटवलं, इथे अमक्या साली मान बदलला, इथे राखेनं माती काळी झाली. सातबाऱ्यावर या कशाची नोंद नसते. घराचे, झाडांचे, विहिरीचे पैसे ठरवता येतात, कमी-जास्त होतील, पण ठरवता येतात. माळाचं मोल कोणत्या रकान्यात लिहिणार? शिवसागराचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तेव्हा जुन्या गावांचे चौथरे, देवळांचे अवशेष वर येतात आणि लोक बघायला जातात. शिमग्याला मात्र पाणी बहुधा अजून चढलेलंच असतं. माळ वर यायचा तो सण होऊन गेल्यावर.

मग वरचे खरे का? त्यांच्याकडे निदान तोच डोंगर आहे. पण त्यांचीही होळी ती राहिलेली नाही. १९८५ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. जंगलाच्या हद्दीतल्या गावाला शिमग्यासाठी झाड तोडता येत नाही, आणि तोडू नये या मताचे आम्हीही आहोत. तेव्हा शेणी, परड्यातला एरंड, आपोआप मोडून पडलेलं लाकूड. आणि सोलापूरकडे? तिथे जंगलच नाही. तुराट्या, पऱ्हाट्या, सडका कडबा. नोव्होलीच्या काड्यांसारखंच: जी जमीन वाट्याला आली, तिचं उरलंसुरलं. सोलापूरच्या लोकांनी सुरुवातीला कोयनेकडून लाकूड मागवायचा विचार केला होता असं या श्रोत्यांनी निरोपात लिहिलं आहे. मग आजोबा म्हणाले, आता इथलं खातो तर इथलंच जाळू. आमच्या चुलत्यांचं आणि त्या आजोबांचं चांगलं जमलं असतं.

एक अडचण उरते, मानाची. त्यांच्या गावात अग्नी देणारं घर वर राहिलं आणि नैवेद्याचं पहिलं घर सोलापूरला गेलं. दोन्ही होळ्यांत एकेक हात कमी. वरच्यांचा 'खरी होळी आमची' हा दावा मुळात इथून येतो. यावर जैमिनीपाशी तोडगा नाही, कारण मान त्यांच्या प्रश्नातच नव्हता. आमचं मत विचाराल तर, सोलापूरच्यांनी नवा हात ठरवावा आणि तो उघड बैठकीत ठरवावा. जुन्या घराचा कुणीतरी लांबचा नातेवाईक शोधून त्याला बोहल्यावर चढवावा तसा पुढे करू नये. यात काही जणांना मान मोडल्यासारखं वाटेल, याची आम्हाला कल्पना आहे.

आता आम्हालाच तुमच्याकडून काही हवं आहे. ऐकणाऱ्यांत कोयनेतून उठलेल्या घरांतले कुणी असतील, ठाण्याचे, रायगडचे, सांगलीचे, तर लिहून कळवा: तुमच्या वस्तीवर पहिली होळी कोणत्या साली पेटली, लाकूड कशाचं होतं, आणि अग्नी कुणी दिला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि लवकर विचारा. पुढच्या वेळी राहिलेला विषय, शब्दप्रामाण्य, पुरा करू. प्रश्न असतील तर दहा मिनिटं आहेत, मग पाटणची गाडी आहे.